हाड छापून मिळतं का? सीटी स्कॅन, थ्रीडी प्रिंट आणि जबडा-कवटीची ऑपरेशनं : कोकणातनं सारखे येणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. मेकॅनिकल केलं, मुंबईत काही वर्षं मोल्ड डिझाइन केलं, आणि आता रत्नागिरीजवळ घरी बसून सर्जन लोकांसाठी सीटी स्कॅनवरनं जबड्याची, कवटीची मॉडेलं बनवतो. एका ओळखीच्या माणसाला मदत केली, त्याने नंबर पुढे दिला, त्याने आणखी पुढे, आता श्रीवर्धनपासून सावंतवाडीपर्यंत कोण ना कोण विचारत असतं आणि प्रश्न फिरून फिरून तेच. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. ऑपरेशन करायचं की नाही, कधी, कुठलं, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, माझं काम हाडाचा आकार हातात देईपर्यंतच.

१. थ्रीडी प्रिंटिंग म्हणजे नक्की काय, आणि त्याचा ऑपरेशनशी काय संबंध?

जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत कशी थरावर थर चढते, तसाच प्रिंटर प्लास्टिकचा थरावर थर चढवतो, फक्त एक थर मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाचा. मग आतनं पोकळ, भोकाभोकांची, वेडीवाकडी वस्तू पण जशीच्या तशी उभी राहते, आणि माणसाच्या चेहऱ्याच्या हाडांएवढं वेडंवाकडं दुसरं काही नसेल. सर्जनला पेशंटच्या हाडाची हुबेहूब प्रत ऑपरेशनच्या आधी हातात मिळते, कुठे कापायचं, हाड जोडायची धातूची प्लेट कशी वाकवायची, स्क्रू कुठे बसेल हे तो टेबलावर करून बघतो. नाहीतर हेच सगळं पेशंट भूल देऊन झोपलेला असताना ठरवावं लागतं.

२. हे नवीनच काहीतरी दिसतंय, आमच्या माणसावर प्रयोग तर करत नाहीत ना?

नाही हो. सीटी स्कॅनने पहिल्या पेशंटचा मेंदू बघितला १९७१ साली, लंडनमध्ये, हाउन्सफिल्ड या इंजिनीअरच्या मशीनवर, आणि १९७९ मध्ये त्याला आणि या स्कॅनमागचं गणित मांडणाऱ्या कॉरमॅकला नोबेल मिळालं. थरावर थर घट्ट करून वस्तू बनवायच्या पद्धतीचं पेटंट चक हल याने १९८४ मध्ये मागितलं. म्हणजे दोन्ही गोष्टी माझ्यापेक्षा वयाने मोठ्या.

आणि आधी नमुना, मग सुरी ही अक्कल तर आपल्याच मुलखातली आहे. १७९४ साली लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये पुण्याकडच्या एका ऑपरेशनची हकिगत छापून आली होती. कावसजी नावाचा इंग्रज फौजेतला बैलगाडीवाला, टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलेलं, त्याला कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं. त्यात एक बारीकशी गोष्ट लिहिलीय जी मला फार आवडते : आधी मेणाचा पातळ पापुद्रा नाकाच्या जागी बसवून बरोब्बर आकार घेतला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेकडेने कातडी आखून सोडवली. मेणाच्या जागी आता प्लास्टिक आलं, एवढाच काय तो फरक.

३. सीटीवरनं मॉडेल बनतं कसं? फोटोची झेरॉक्स काढल्यासारखं?

झेरॉक्स नाही. घावण्यांची चवड डोळ्यापुढे आणा. सीटी मशीन डोक्याचे शेकडो पातळ काप काढतं, प्रत्येक काप म्हणजे एक घावणा, आणि प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, पाण्याला ०, हवेला उणे १०००, आणि हाड म्हटलं की शेकड्यांत, टणक भाग तर हजाराच्या वर. मी सॉफ्टवेअरला सांगतो की अमुक आकड्याच्या वरचं तेवढं ठेव, मांस, कातडी, हवा बाजूला जाते आणि हाडाचा सांगाडा उरतो.

हे ऐकायला पाच मिनिटांचं वाटतं, पण खरी मेहनत पुढेच आहे. वरचे-खालचे दात एकमेकांना चिकटलेले दिसतात ते सोडवायचे, चांदी भरलेल्या दाताभोवती चांदणीसारख्या रेषा येतात त्या हाताने पुसायच्या, डोळ्याच्या खोबणीचं हाड कागदासारखं पातळ असतं ते गायबच होतं ते बघून बघून परत भरायचं. एका जबड्यावर अख्खी संध्याकाळ जाते कधीकधी. सॉफ्टवेअर फुकट मिळतात, थ्रीडी स्लायसर आहे, ब्राझीलवाल्यांचं इन्व्हेसालियस आहे, महागडी पण आहेत. सॉफ्टवेअरपेक्षा ते हाड ओळखणारा डोळा महत्त्वाचा, म्हणून शेवटी रेडिओलॉजिस्टने किंवा सर्जनने बघितल्याशिवाय मी प्रिंट लावत नाही.

४. आमच्याकडे सीटीची फिल्म आहे, तिचा फोटो व्हॉट्सॅपवर टाकू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर नेहमी नाही असंच असतं. फिल्मवर निवडक काप छापलेले असतात, आकडे त्यात नसतात, आणि ट्यूबलाइटसमोर धरून काढलेल्या फोटोत तर मागची खिडकी पण येते. मला लागतो तो डायकॉम डेटा, म्हणजे सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर असलेल्या शेकडो फाइली, प्रत्येकीत काप, त्याची जाडी, पेशंटची डावी-उजवी बाजू, सगळं लिहिलेलं असतं.

मागे देवगडकडचं एक कुटुंब पहाटेची एसटी धरून सीडी घेऊन आलं, मुलगा बाइकवरनं पडलेला, गालाचं हाड आत गेलेलं. सीडी लावली तर आत रिपोर्टला जोडलेली बारा चित्रं, बस. सेंटरला फोन केला, नाव घेत नाही, तर म्हणाले पाच मिलिमीटरचे काप आहेत ते देतो, बारीकवाले मशीनमधनं पुसले गेले. बरेच ठिकाणी असंच असतं, बारीक डेटा जागा खातो म्हणून काही दिवसांत काढून टाकतात. त्या पोराचा स्कॅन परत काढायला लागला, पैसे पुन्हा गेले, रेडिएशन पुन्हा, आणि त्याची आई मला विचारत होती की आम्ही काय चुकलो. ती काहीच चुकली नव्हती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून पुढचा प्रश्न नीट वाचा.

५. मग स्कॅन काढताना सेंटरवाल्याला नेमकं काय सांगायचं?

चिठ्ठीवर डॉक्टरांकडनंच लिहून घ्या, म्हणजे तिथे वाद नको. काप एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. मशीन तिरकं न करता सरळ. दोन्ही जबडे आले पाहिजेत आणि दात एकमेकांवर दाबलेले नकोत, मध्ये कापसाची गुंडाळी चालते. सगळा डेटा डायकॉममध्ये सीडीवर. आणि हलायचं नाही, लहान पोर असेल तर भूलतज्ज्ञ लागेल का ते आधीच विचारा, कारण मानेचा एक झटका बसला की मॉडेलमध्ये हाडाला पायरी पडते आणि ती फ्रॅक्चरसारखी दिसते.

काढता येणारी कवळी, नथ, कुड्या सगळं काढून ठेवा. कवळी विसरलेले मी दोनदा बघितलेत.

रेडिएशनचं विचाराल तर डोक्याच्या एका साध्या सीटीला साधारण २ मिलिसिव्हर्ट पडतात, आणि जगात सरासरी माणसाला निसर्गातनं वर्षाला २.४ च्या आसपास मिळतातच. म्हणजे घाबरण्यासारखं नाही पण फुकटचं दोनदा काढण्यासारखं पण नाही, लहान मुलांत तर नाहीच नाही. म्हणून पहिलाच स्कॅन नीट काढायचा.

६. दातांच्या डॉक्टरकडचा सीबीसीटी आहे, किंवा एमआरआय आहे, ते चालेल?

सीबीसीटी, म्हणजे दातवाल्यांकडचा छोटा सीटी, दात-जबड्यापुरता बरेचदा चालतो, रेडिएशन पण कमी, फक्त त्यातले आकडे साध्या सीटीसारखे भरवशाचे नसतात आणि मांस नीट दिसत नाही. एमआरआय हाडाच्या मॉडेलला नाही चालत, तो गाठ मांसात कुठवर पसरलीय ते बघायला. कॅन्सरच्या केसमध्ये मात्र दोन्ही लागू शकतात, सीटीतनं हाड आणि एमआरआयतनं गाठ, आणि दोन्ही एकावर एक बसवून कापायची रेघ ठरते.

७. मॉडेल, गाइड, इम्प्लांट... सगळे वेगवेगळं बोलतात, एकच आहे ना?

अजिबात नाही, आणि खर्चाचा घोळ इथनंच सुरू होतो. मॉडेल म्हणजे नुसती प्रत, बघायला, प्लेट वाकवून बघायला, शरीरात जात नाही. गाइड म्हणजे हाडावर टोपीसारखी चपखल बसणारी पट्टी, तिच्या फटीतनं करवत घालायची म्हणजे काप ठरल्या कोनातच पडतो, ती ऑपरेशनच्या वेळी हाडाला टेकते पण काम झालं की बाहेर. इम्प्लांट शरीरात कायमचं राहतं, टायटॅनियमचं किंवा पीक नावाच्या वैद्यकीय प्लास्टिकचं, आणि ते लायसन्स असलेल्या कंपनीकडनंच यायला हवं, आपल्याकडे त्यासाठी २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स आहेत. मी मॉडेलं बनवतो, गाइड सर्जन आणि कंपनीबरोबर, इम्प्लांटला हात लावत नाही.

८. बाबांना तोंडाचा कॅन्सर आहे, खालचा जबडा काढून पायाचं हाड लावणार म्हणतात. एवढं प्रिंटिंग आलंय तर हाड छापूनच का नाही लावत?

एका मालवणच्या काकांनी मला फोनवर सरळ विचारलं होतं, 'हाड छापून गावता काय ओ?' छापून आकार मिळतो काका, जिवंत हाड नाही मिळत.

जबडा दिवसभर चावतो, बोलतो, थुंकी गिळतो, आणि कॅन्सरमध्ये त्यावर नंतर बहुतेक वेळा रेडिएशन पडतं. नुसती धातूची पट्टी लावली तर ती काही महिन्यांनी-वर्षांनी मोडू शकते किंवा कातडीतनं बाहेर डोकावते, विशेषतः पुढच्या हनुवटीच्या भागात. पायाच्या नडगीच्या बाजूला जे बारीक लांब हाड असतं, फिब्युला, ते रक्तवाहिनीसकट काढतात आणि मानेतल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात, म्हणजे हाड नव्या जागी जिवंत राहतं, सांधतं, पुढे त्यात दातांचे इम्प्लांट पण बसू शकतात. जबड्यासाठी हे हाड हिडाल्गो नावाच्या सर्जनने १९८९ मध्ये वापरून दाखवलं आणि तेव्हापासून ते या कामाचं मुख्य हत्यार झालंय.

आता अडचण बघा. फिब्युला सरळ काठीसारखं, जबडा घोड्याच्या नालेसारखा वाकडा. काठीतनं नाल करायची तर दोन-तीन ठिकाणी पाचर काढून दुमडायला लागते, आणि प्रत्येक पाचरेचा कोन चुकला की दात दातावर बसत नाहीत, चेहरा एका बाजूला झुकतो. इथे प्रिंट कामी येतो. जबड्याचं आणि पायाचं दोन्ही सीटी घेऊन कॉम्प्युटरवर आधीच सगळं कापून जोडून बघतात, मग दोन गाइड छापतात, एक जबड्यावर बसणारी आणि एक पायावर. सर्जन पायातच, रक्तपुरवठा चालू असताना, हाड कापून घडी घालतो, आणि आधीच वाकवून ठेवलेली प्लेट त्याला लावतो. रक्ताविना हाड जेवढा वेळ राहील तेवढं वाईट, तो वेळ इथे वाचतो.

सगळ्यांना हे लागतं असं नाही. जबड्याची फक्त वरची कड काढायची असेल तर हाड लावायलाच लागत नाही बरेचदा. आणि हात बसलेले सर्जन गाइडशिवाय पण सुंदर करतात, त्यामुळे 'तुमच्याकडे प्रिंटर नाही?' असं विचारून त्यांना नाराज करू नका.

आणि जाता जाता. गुटखा, मिश्री, तंबाखू सगळ्यांना माहितीये, पण आपल्याकडे पोफळीच्या बागा दारात म्हणून सुपारीला कोणी वाईट म्हणतच नाही. रोठा असो की कुठली, रोज चघळली की गालाची आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडायचं कमी होतं, आणि त्यातल्या काहींना पुढे कॅन्सर. बागायतदारांनी माझ्यावर रागवू नये.

९. पायाचं हाड काढल्यावर चालता येईल का?

येतं. शरीराचं बहुतेक वजन शेजारचं जाड हाड पेलतं. फिब्युलाचे घोट्याकडचे सहा ते आठ सेंटीमीटर आणि गुडघ्याकडचा तुकडा ठेवूनच मधला काढतात, कारण घोटा त्याच्यावर टिकतो. सुरुवातीला काठी, मग सावकाश. पण काढण्याआधी पायाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ बघतातच, काही लोकांच्या पावलाला मुख्य रक्त त्याच वाहिनीतनं जातं जी हाडाबरोबर काढायची असते, तसं असेल तर तो पाय नाही, दुसरा किंवा दुसरीकडचं हाड.

१०. गाइड यायला वेळ लागतोय, तोपर्यंत कॅन्सरचं ऑपरेशन थांबवू का?

नाही. हे मी माझ्या धंद्याच्या विरोधात सांगतोय. गाठ वाढत असते, आणि सीटी काढून महिना झाला तर त्या सीटीवर बनवलेली गाइड पण शिळी होते, कारण गाठ रेघेच्या पलीकडे गेलेली असू शकते. ऑपरेशननंतरचं रेडिएशन पण साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असं डॉक्टर बघतात. प्रिंट वेळेत आला तर उत्तम, नाही आला तर प्रिंटशिवाय. गणपती झाल्यावर बघू, आंब्याचा सिझन आटपल्यावर बघू हे तर नकोच. कवटीचं किंवा जुन्या फ्रॅक्चरचं प्रकरण वेगळं, त्याला वाट बघायची सवड असते, प्रश्न ११ बघा.

११. भाऊ माडावरनं पडला, डोक्याचं हाड काढून ठेवलंय. आता ते परत कसं लावणार, आणि ते खराब झालं असेल तर?

पाडेली म्हणजे माडावरनं नारळ पाडणारे, कलमावर आंबे काढणारे, पोफळीवर चढणारे, आणि हायवेवरचे बिनहेल्मेटचे, माझ्याकडे कवटीच्या केसेस येतात त्या बहुतेक यातल्याच. मेंदूला सूज आली की जीव वाचवायला कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवतात. तो तुकडा पोटाच्या कातडीखाली ठेवतात किंवा खोल गोठवून. सूज उतरली, इन्फेक्शन नाही हे बघून काही महिन्यांत परत बसवतात. स्वतःचं हाड मिळालं तर तेच पहिलं, पण ते कधी तुकड्यातुकड्यांत फुटलेलं असतं, कधी इन्फेक्शन होतं, कधी बसवल्यावर विरघळत जातं, लहान मुलांत हे जास्त.

मग नवीन बनवायला लागतं. कवटीची धड असलेली बाजू आरशातल्यासारखी उलटवून भोकाच्या बाजूला आणायची, जेवढं कमी पडतंय तेवढा आकार वेगळा काढायचा. यातनं थेट टायटॅनियम किंवा पीकचं इम्प्लांट बनवून घेता येतं, तो झाला महाग रस्ता. स्वस्त रस्ता पेणच्या गणपतीवाल्यांना पाच मिनिटांत कळेल : मी दोन भागांचा साचा छापतो, सर्जन निर्जंतुक केलेल्या साच्यात बोन सिमेंट, म्हणजे कालवल्यावर घट्ट होणारं वैद्यकीय प्लास्टिक, दाबून भरतात, घट्ट झालं की बाहेर काढून कडा घासून बसवतात. हे सिमेंट घट्ट होताना चांगलंच तापतं, ती उष्णता मेंदूवर न जाता साच्यात जाते हा मोठाच फायदा.

एकदा साच्याला कड थोडी जास्तच चपखल ठेवली होती, मोल्ड डिझाइनची जुनी सवय. सर्जनचा निरोप आला, 'अहो, मधे कातडी आणि आवरण पण असतं, जरा हवा सोडा.' तेव्हापासून कडेला मिलिमीटरभर मोकळीक ठेवतो.

घरच्यांसाठी : हाड नसलेल्या बाजूवर झोपवू नका, उठून चालताना डोक्याला मऊ हेल्मेट, आणि ती जागा फार आत खचत असेल, चक्कर-डोकेदुखी वाढत असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा.

१२. दोन्ही बाजू मोडल्या असतील तर आरसा कसला करणार?

बरोबर पकडलंत. कपाळाचं मधलं हाड किंवा दोन्ही गाल गेले असतील तर उलटवायला काही उरत नाही. मग अपघाताआधीचा सीटी असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर त्याच वयाच्या, बांध्याच्या माणसाच्या कवटीचा नमुना घेऊन जुळवतात, जुने फोटो बघतात, दात धड असतील तर दातांच्या चाव्यावरनं जबड्याची जागा ठरते. आणि खरं तर कोणाचाच चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो, आरशातला आकार पण हाताने थोडा सुधारायलाच लागतो.

१३. मुलगी लहानपणी हनुवटीवर पडली होती, आता तोंड उघडत नाही. मॉडेलने उपयोग होईल?

तिची स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का बघा. नाही जात तर लवकर दाखवा. हनुवटीवर पडलं की मार कानापुढच्या जबड्याच्या सांध्याला बसतो, तो वेळेत हलता ठेवला नाही तर सांधा हाडानेच जुळून जातो. सांध्याच्या जागी नुसता गोळा झालेला असतो, त्याच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी, कवटीचा तळ वर अगदी जवळ, त्यामुळे कुठवर कापायचं हे बघायला मॉडेल फार कामाचं. पण इथे प्रिंटपेक्षा मोठं काम घरच्यांचं : ऑपरेशननंतर महिनोन्‌महिने तोंड उघडायचे व्यायाम. दुखतं म्हणून सोडले की सांधा परत जुळतो, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड.

१४. बाळाला जन्मापासून एक कान नाही. प्रिंट करून लावता येईल?

रबरासारख्या सिलिकॉनचा, काढ-घाल करायचा कान प्रिंटच्या साच्यावरनं होतो. कायमचा कान मात्र आजही मुख्यतः स्वतःच्या बरगडीच्या कूर्चेतनं कोरतात, साधारण सहा ते दहा वर्षांच्या दरम्यान, छाती पुरेशी भरली की. चांगल्या कानाची उलटी प्रत छापून दिली की सर्जनला कोरताना समोर नमुना राहतो, सावंतवाडीचे चितारी लाकडी फळ करताना समोर खरं फळ ठेवतील तसं. तोपर्यंत दिसण्याची नका काळजी करू, आधी ऐकू येतं का ते तपासा, दुसऱ्या कानाचं सुद्धा, कारण बोलणं ऐकण्यावरच उभं आहे आणि त्याला सहा वर्षं थांबून चालत नाही.

१५. २०२१ मध्ये काळी बुरशी झाली, वरचा जबडा काढला. आता काय करता येईल?

कोव्हिडनंतर, डायबेटिस आणि स्टेरॉइडवाल्यांमध्ये हे त्या वर्षी खूप झालं. बुरशी पूर्ण गेली हे डॉक्टरांनी स्कॅन करून सांगितल्याशिवाय काही बसवायचं नाही. त्याआधी ऑब्च्युरेटर, म्हणजे टाळूचं भोक बंद करणारी कवळी, म्हणजे खाल्लेलं नाकात जात नाही. नंतर गालाच्या हाडात लांब स्क्रू बसवून त्यावर दात, किंवा पायाचं हाड, किंवा खास बनवलेली टायटॅनियमची चौकट. स्क्रूला धरायला हाड किती उरलंय हे मॉडेलवर लगेच कळतं. साखर ताब्यात नसेल तर यातलं काहीच टिकत नाही.

१६. खर्च किती? योजनेत बसतं का?

साध्या प्लास्टिकची हजार ग्रॅमची रीळ साधारण हजार-बाराशेला येते आणि खालच्या जबड्याला शंभर ग्रॅम पण लागत नाही. म्हणजे वस्तूचा खर्च चहा-वड्याचा, पैसे जातात ते कॉम्प्युटरवर बसणाऱ्याच्या वेळेचे. गाइड त्याहून महाग. खास बनवलेलं टायटॅनियमचं इम्प्लांट लाखाच्या घरात जाऊ शकतं.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशनांची पॅकेजं ठरलेली असतात, तेव्हा 'मॉडेल, गाइड, इम्प्लांट पॅकेजमध्ये की वेगळं' हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा आणि कागदावर घ्या, नंतर नाही. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड बरोबर न्या. मुख्यमंत्री सहाय्यता निधीला पण अर्ज करता येतो. कॅन्सरसाठी परळचं टाटा आणि खारघरचं सेंटर, तळकोकणातले लोक गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात जातात, अपघाताचे बरेच कोल्हापूरला. कुठेही जा, पहिल्याच फेरीला सीडी बरोबर न्या, तुतारी एक्सप्रेस पकडून दादरला उतरल्यावर सीडी घरी राहिली असं सांगणारे मला भेटलेत.

१७. आमच्या गावात एका पोराकडे प्रिंटर आहे, त्याच्याकडनं करून घेतलं तर?

बघायच्या मॉडेलला हरकत नाही, पोराला काम मिळेल. पण सर्जनला विचारून, आणि मापाची खात्री करून. मी प्रत्येक मॉडेलच्या बाजूला बरोबर ५० मिलिमीटरची एक काडी छापतो, ती व्हर्नियरने ५० भरली तरच मॉडेल बाहेर जातं.

ऑपरेशन थिएटरमध्ये जाणारी वस्तू मात्र नाही. पीएलए हे साधं प्लास्टिक ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये, १२१ किंवा १३४ डिग्री असतात, बाहेर येईल ती पोळी. गाइडसाठी वैद्यकीय रेझिन किंवा नायलॉन लागतं, आणि निर्जंतुक कसं करायचं ते हॉस्पिटलने ठरवायचं.

१८. मॉडेल चुकू शकतं का?

हो. माझं चुकलंय. सुरुवातीला एकदा घाईत डायकॉमऐवजी चित्रांच्या फाइलींवरनं मॉडेल केलं, चित्रांत डावं-उजवं लिहिलेलं नसतं, आणि जबडा आरशातला छापला गेला. दिसायला एकदम झकास. सर्जनने हातात घेतला, अंगठा दाढेवर फिरवला आणि म्हणाले, 'याची उजवी अक्कलदाढ काढलेली आहे, तुझ्या मॉडेलमध्ये डावी नाहीये.' अंगाला घाम फुटला. तेव्हापासून चित्रांवरनं काम घेत नाही आणि प्रत्येक मॉडेलवर 'उ' आणि 'डा' ही अक्षरं उठावात छापतो. सर्जन अजून चेष्टा करतात त्यावरनं, करू देत.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे पातळ हाडाच्या जागी भोक दिसणं, प्रश्न ३ मध्ये सांगितलंय. डोळ्याच्या खोबणीचा तळ फुटलेला आहे की नुसता पातळ आहे हे मॉडेलवरनं ठरवायचं नसतं, मूळ सीटी उघडून बघायची.

१९. टायटॅनियम बसवल्यावर एमआरआय करता येतो का? विमानतळावर वाजेल का?

टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही, एमआरआय सहसा करता येतो, पण सांगायचं, आणि त्या जागेचं चित्र थोडं बिघडतं. विमानतळावर बहुधा वाजत नाही, तरी दुबई-मस्कतला जाणाऱ्यांनी डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स पाकिटात ठेवा.

२०. ऑपरेशननंतर मॉडेल आम्हाला मिळतं का? आणि सीडी किती दिवस ठेवायची?

मॉडेल मागितलं तर बहुतेक डॉक्टर देतात. गुहागरकडच्या एक आजी त्यांच्या मुलाचा जबडा फडताळात रुमालात गुंडाळून ठेवतात, आल्यागेल्याला दाखवतात की बघा इथनं इथवर काढला. मॉडेल उन्हात ठेवू नका, वाकडं होतं.

सीडी मॉडेलपेक्षा महत्त्वाची, कारण वर्षांनी परत काही करायचं झालं तर तीच लागते. आणि आपल्याकडे एका पावसाळ्यात सीडीवर बुरशीचे ठिपके येतात, मग ती लागत नाही. मृगाच्या आधी पोराला सांगून ती दोन ठिकाणी उतरवून घ्या, एक पेनड्राइव्ह आणि एक गूगल ड्राइव्ह. उतरवल्यावर फोल्डर उघडून फाइली मोजा. दोन-चारशे असतील तर ठीक. बारा असतील तर सीडी हातात घेऊन आजच्या आज सेंटर गाठा, डेटा पुसायच्या आत.